धार निघंस्तोवर

“मागं सरायचं? वस्ताद, मागं सरून कुणी कुणाला अडवलंय का आजवर?”

दिग्विजय पैलवान इच्यारत हुता. एवढा मोठा गडी, पर आवाज रडकुंडीला आल्याला.

जोती वस्ताद दुधाच्या कट्ट्यावर बसल्याले. हातात रिकामा गिलास. म्हस अजून यायची हुती.

“तुजा कोच काय म्हंतो?”

“मागं सर म्हंतो.”

“मग सर की.”

“सरवत न्हाई!”

वस्तादांनी गिलासात डोकावून बगितलं. जसं काय उत्तर तिथंच बुडालंय.

“...बरं.”

दिग्विजय खाडे आमच्याच तालमीचा. अंगानं असा, की रिक्षात बसला की रिक्षा एका अंगाला लवायची. मागं अमेरिकेच्या लोकांनी त्याला कुस्तीत बगितला आन् उचलून न्हेला, तिथल्या फुटबॉलात. पगारी खेळ. आदी नुस्तं शिकीवलं, आन् यंदा खऱ्या टीममदी घातला. पयलंच वरीस. सुट्टीला घरी आल्याला, परवा इमान हुतं.

तिथला फुटबॉल नावालाच फुटबॉल. हातात धरून पळत्यात.

मी म्हणलं, “आरं मग त्याला फुटबॉल कशाला म्हंत्यात?”

“नाना, मी इच्यारलं न्हाई. आपण मातीत ताक आन् हळद का घालतो, ते त्यांनीबी मला इच्यारलं न्हाई.”

पोरगं तिकडं जाऊन बोलाय शिकलंय.

वस्ताद म्हणले, “मला खेळ दाव.”

दिग्यानं कट्ट्यावरची गिलासं वढली. एक गिलास मागं ठेवला. त्याच्या फुडं पाच गिलासं वळीनं.

“ह्यो मागचा म्हंजे चेंडू फेकणारा. त्यानं लांब कोण मोकळा हाय ते हुडकायचं, आन् त्याच्याकडं फेकायचा. समोरनं त्यांची माणसं सुटत्यात ह्याला आडवा कराय. आमी पाच जाड्यांनी ती अडवायची.”

“किती येळ?”

“एक जांभई हुस्तोवर. तेवढ्यात ह्यो फेकतोय.”

“एका जांभईसाठी तुला एवढ्या लांब न्हेला?” मी म्हणलं. “आमच्या गल्लीत दिवसभर जांभया देणारी हाइत, त्यास्नी न्ह्या म्हणावं.”

वस्तादांनी माझ्याकडं बगितलं. मी पान चघळाय लागलो.

“ह्यातला तू कोण?”

“ह्यो. डाव्या कडंचा.” दिग्यानं शेवटच्या गिलासावर बोट ठेवलं. “फेकणारा उजव्या हाताचा. फेकताना तोंड उजवीकडं वळतंय. माझ्या बाजूनं कोण आला, तर त्याला दिसतच न्हाई.”

“मंजी त्याचं पाठीमागलं डोळं तू.”

“हां.”

“मग?”

दिग्यानं त्यो गिलास नुस्ता फिरवला.

“मग?”

“मी समोरच्याच्या अंगावर जातो, वस्ताद. मान खाली, पाय फुडं, जसं मातीत जातो तसं. त्यो एक खांदा दावतोय, मी त्या खांद्याकडं. त्यो दुसऱ्या अंगानं पसार. माझ्या हातात नुस्ती हवा... आन् मग मागनं आवाज येतोय.”

“कसला?”

“धप्प.”

कट्ट्यावर कुणी हसलं न्हाई. मीबी न्हाई.

“धरून ठेव की मग. तुजी पकड कुणाच्या बापाला सुटती?”

“धरायची बंदी हाय. फुडनं तळहात लावायचं, ढकलायचं. धरला, पाडला, तर पंच पिवळा रुमाल टाकतोय आन् आमच्या सगळ्या टीमला मागं न्हेत्यात.” दिग्यानं नाक वढलं. “कोचनं सांगितलंय, परत आल्यावर सरावात डावा कड राखलास तर ऱ्हा. न्हाईतर पेटी भर.”

“आन् मागं सरलास तर राखशील, असं त्याचं म्हणणं.”

“हां. समोरचा आला की अर्धं बसायचं, आन् बसल्या बसल्या मागं सरकायचं. त्याला आदी डाव टाकू द्याचा. आपुन घाई करायची न्हाई.” दिग्या उठला, इजारीचा पाय वर वढला. पोटरी म्हंजे केळीचं खोड. तिच्यावर जुना पांढरा वळ. “आन् ह्यो वळ कुणाचा?”

वस्तादांनी वाकून बगितलं.

“माजा,” वस्ताद म्हणले. लई आवडीनं म्हणले.

“मी एकदा मातीत मागं सरलो हुतो म्हणून! तुमीच काठी घातली. ‘मागं सरल त्यो माझा पठ्ठ्या न्हवं,’ तुमीच म्हणला. आता सांगा, तुमचं खरं का कोचचं?”

वस्तादांनी दाढी खाजवली.

तेवढ्यात कोपऱ्यावर घुंगरू वाजलं.

“म्हस आली,” वस्ताद म्हणले.

हौसाक्का गवळण चंद्रीला घिऊन आली. आमच्या पेठंत सांजच्याला असंच असतंय. म्हस कट्ट्यावर आणायची, गिऱ्हाईकाच्या डोळ्यादेखत पिळायची, आन् पैलवान लोकांनी तिथंच उभ्यानं गिलास रिकामा करायचा. फेस मिशीला लागला पायजे. न्हाईतर दूध प्यालं असं आमी धरत न्हाई.

चंद्रीच्या मागं तिचं रेडकू. वरसाचं हुईत आल्यालं, खांद्यानं तट, डोळ्यात मस्ती, तरीबी आईचं सोडंना. कट्ट्यावर त्याला समदी सरपंच म्हंत्यात. कुणाचंबी खातंय, आन् कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई.

आता म्हशीची एक रीत असती. आदी रेडकाला तोंड लावू द्याचं. दोन घोट त्यानं वढलं की म्हस पान्हा सोडती. मग रेडकू वढून दाव्याला बांधायचं आन् आपुन धार काढायची. रेडकाचा त्यो येळ लई वंगाळ. तोंडाला चव लागल्याली, आई फुडं उभी, आन् गळ्यात दावं.

हौसाक्कानं सरपंचाला तोंड लावू दिलं. चंद्रीनं पान्हा सोडला. हौसाक्का दावं घिऊन वाकली.

“हौसाक्का,” वस्ताद म्हणले, “आज दावं नगं.”

“मग काय तुमच्या मिशीला बांधू?”

“पैलवान उभा ऱ्हाईल की. अमेरिकेचं दावं हाय.”

हौसाक्कानं दिग्याला खालनं वरपातूर बगितलं. वर बगताना तिचा पदर पडला.

“दूध सांडलं तर?”

“सांडलं तर पैलवान तुजा गोठा झाडंल.”

“परवा ह्याचं इमान हाय म्हणं.”

“मग उद्याच झाडंल.”

झालं! कट्टा फुलला. वडापाववाल्यानं गॅस बारीक केला. रिक्षावाला भाडं सोडून आला. भाडंबी उतरून आलं. म्या मोक्याची जागा धरली, दगडावर चढून.

वस्तादांनी दिग्याला मदी उभा केला. मागं चंद्री, चंद्रीखाली हौसाक्का, हौसाक्काच्या गुडघ्यात पितळंची बादली. समोर सरपंच, दोघा पोरांनी धरल्याला.

“धरायचं न्हाई. पाडायचं न्हाई. तळहात लाव, ढकल. बादली भरंस्तोवर ह्यो सडापातूर जाता कामा नये.”

“वस्ताद... रेडकू?” दिग्या लाजला. “तिथं माझ्या फुड्यात येत्यात ती माणसं दीड-दीडशे किलोची—”

“सोडा रं त्याला!”

सरपंच सुटला.

दिग्या फुडं झेपावला. मान खाली, पाय फुडं. अशी झेप, की मातीत असती तर समोरचा गडी पोत्यागत पडला असता.

पर सरपंचानं डावीकडं मान टाकली. दिग्या डावीकडं. सरपंच उजवीकडनं, त्याच्या काखंखालनं, सर्र...

दिग्या चार पायांवर. सरपंच आईपाशी. चुटूक चुटूक.

“धप्प!” मी वराडलो.

आख्खा कट्टा हसला. हौसाक्कानं फडक्याचा फटका हाणला, रेडकाला न्हाई, दिग्याला.

“मुडदा बशिवला तुजा! दावं तुज्यापरास बरं. ते निदान जागा सोडत न्हाई!”

“चुकून गेला,” दिग्या म्हणला. कान लाल.

“तिथंबी चुकूनच जात्यात का रं?” मी म्हणलं.

“नाना, खाली उतरा, दावतो.”

“मी सरपंच न्हाई बाबा.”

वस्तादांनी बोट वर केलं. पुन्यांदा.

सरपंचाला वढून मागं न्हेला. ह्या टायमाला त्यो तयारीतच. पाय झाडतोय, फुसफुसतोय. चव लागली हुती न्हवं.

“सोड!”

दिग्या परत फुडंच. थांबायचं त्याच्या रगतातच न्हाई. सरपंचानं परत मान टाकली. पर आता दिग्या चिडल्याला. निसटाय लागल्यालं रेडकू त्यानं वरच्यावर धरलं, मानंत हात, पोटाखाली हात, आन् कुणाला कळायच्या आत, अशी काय कलाजंग मारली राव!

सरपंच पाठीवर. चारी पाय आभाळाला. चितपट!

“हाण तिच्या मायला!”

टोप्या उडाल्या. शिट्ट्या. रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून धरला. मीबी दगडावर नाचलो, खोटं कशाला बोलू. बऱ्याच दिसांनी कट्ट्यावर कुस्ती बगितली.

दिग्यानं दंड थोपटला.

आन् चंद्रीनं बगितलं... आपलं लेकरू पाठीवर.

अशी हंबरली की वडापाववाल्याची चटणी हालली. मागचा पाय झाडला. बादली गेली उडत. हौसाक्का गेली मागं. निघाल्यालं दूध फरशीवर, फरशीवरनं गटारात.

हौसाक्का उठली. परत सडाला हात लावला. वढून बगितलं.

थेंब न्हाई.

“चोरलं,” ती म्हणली. “म्हशीनं दूध चोरलं. आता देत न्हाई ती.”

हॉर्न बंद पडला.

वस्ताद कट्ट्यावरनं उतरले. हळूहळू आले. दिग्याच्या हाताला धरून हात वर केला, पंच जितल्या पैलवानाचा करतोय तसा.

“कुस्ती कुणी जितली?”

“...मी.”

“दूध कुठाय?”

दिग्यानं गटाराकडं बगितलं.

“तिथंबी असंच?” वस्तादांनी इच्यारलं. हळूच, एकट्याला ऐकू जाईल असं. मी जवळ सरकलो म्हणून मला ऐकाय आलं.

दिग्या खाली बसला. एवढा गडी बसला म्हंजे कट्टाच खचल्यागत झालं.

“शेवटच्या मॅचला, वस्ताद... मी असाच फुडं ग्येलो. मागनं धप्प झालं. वळून बगतो तर फेकणारा उताणा. खांदा निखळल्याला.”

“मग?”

“उठला. एक हात लोंबतोय. दुसऱ्या हातानं माझ्या पाठीवर थाप मारली... आन् भाईर गेला.”

“काय म्हणला?”

“काय न्हाई. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.”

वस्तादांनी मान हालवली.

“आता बरा हाय?”

“बरा झालाय. फुडच्या वरसाला बी त्योच फेकणार. माझ्याच मागं उभा ऱ्हाणार.” दिग्यानं तोंड पुसलं. “पेटी भराय लागली तर भरंन, वस्ताद. घरी यीन, म्हशी पाळीन. पर त्यो पुन्यांदा माझ्या मागं पडला, तर...”



सरपंच उभा ऱ्हाऊन अंग झाडत हुता. त्याला काय झालं न्हवतं. रेडकं रबराची असत्यात.

वस्ताद एकदम खेकसले, “बसलास काय? ऊठ! म्हशीचा राग काढ आदी!”

दिग्या उठला. वैरण आणली. चंद्रीच्या कपाळाला खाजवलं, गळ्याखाली खाजवलं. ती शिंगं हालवाय लागली की मागं पळायचा, परत यायचा. अमेरिकेचा पैलवान म्हशीला ‘आई, आई’ म्हणत हुता. मी हसाय तोंड उघडलं, तर हौसाक्कानं माझ्याकडं असं बगितलं की पान गिळलं मी.

शेवटी चंद्रीनं उसासा टाकला. हौसाक्कानं सरपंचाला परत तोंड लावू दिलं. बगता बगता सडं फुगली. पान्हा आला.

“आता शेवटचं,” हौसाक्का म्हणली. “ह्याफुडं म्हस माझं तोंड बगायची न्हाई, आन् मी तुमचं.”

दिग्या परत मदी ग्येला. मान खाली घालाय लागला.

वस्ताद त्याच्या कमरंला लागत हुते. उडी मारल्यागत करून त्यांनी त्याचा कान धरला. पिळला. आन् वढत, वाकवत, त्याला बादलीपाशी न्हेला.

“आई गं... वस्ताद!”

“कान हिकडं. हौसा, पिळ.”

हौसाक्कानं पिळलं. रिकाम्या बादलीच्या बुडाला धार लागली.

टण्ण... चुर्र. टण्ण... चुर्र.

“ऐकलंस?”

“हां.”

“जा.”

“मंजी... मी करू काय?”

“ह्यो आवाज बंद पडू देऊ नगं.”

“आन् सरपंच?”

“कोण सरपंच?”

दिग्या बगतच ऱ्हायला. मग म्हणला, “पर वस्ताद, मागं सरू का फुडं जाऊ, ते तरी सांगा. काठी तर तुमीच मारल्याली—”

“तवा मी तुला एकट्यानं लढाय शिकवत हुतो.”

दिग्यानं बादलीकडं बगितलं.

मदी जाऊन उभा ऱ्हायला. पाठ बादलीकडं. ह्या टायमाला मान खाली न्हवती. मान जरा वाकडी, कान मागं. चोर दाराशी ऐकतोय तशी.

टण्ण... चुर्र.

“सोड,” वस्ताद म्हणले.

सरपंच सुटला.

दिग्या फुडं ग्येला न्हाई.

म्या डोळं चोळलं. खरंच ग्येला न्हाई. अर्धा बसला, हात छातीशी, आन् तसाच...

“मागं!” वडापाववाला म्हणला. “मागं सरला!”

“शूऽऽ!”

सरपंचानं डावीकडं मान टाकली. दिग्याचा खांदा हालला, पर पाय न्हाई हालला. पाय आवाजाला बांधल्यागत. सरपंच बुचकळ्यात पडला. मघाच्या गड्यानं असं केलं न्हवतं! उजवीकडं ग्येला. दिग्या बसल्या बसल्या सरकला, एक पाऊल मागं, एक बाजूला. तळहात रेडकाच्या छातीला. थप.

चुर्र... चुर्र...

सरपंच मागं हटला. फिरून आला. आता डावा, उजवा, परत डावा! आमची मान हालून हालून दुखाय लागली. दिग्याचं पाय बगा तुमी! हत्तीच्या पायात मांजराचं पाय घातल्यालं. सर... सर... सर. कुठंबी जा, फुडं तळहात हायतच. थप. थप.

“ढकल त्याला! घाल फुडं! आता घाल!” मीच वराडलो.

दिग्यानं ऐकलं न्हाई. त्याला मी ऐकूच येत न्हवतो. त्याला फक्त मागलं ऐकू येत हुतं.

आन् मागला आवाज बदलला.

तुमी कधी ध्यान दिऊन ऐकलंय का? बादली रिकामी असली की धार टणटणती. अर्धी झाली की गुरगुरती. आन् भरत आली की फेसात शिरती, मऊ... सूंऽ... सूंऽ...

दिग्याच्या तोंडावर कायतरी झालं. हसू न्हवं. जसं आंधाऱ्या खोलीत कुणाचा तरी हात हाताला लागावा, तसं.

त्याला कळलं. मागं कुठं, किती लांब, किती ऱ्हायलंय, समदं कळलं.

सूंऽ... सूंऽ...

सरपंचाला बी कळलं. आवाज त्यो बी ओळखतो, रोज ऐकतोय. आता दूध सपणार. त्यो लांब मागं ग्येला, पार रिक्षापातूर. खुरानं फरशी उकरली.

“आला रं आला!” रिक्षावाला बाजूला पळाला.

मान खाली. पाय फुडं. सरळ! आता डावं न्हाई, उजवं न्हाई. जसा आमचा दिग्या आजवर जात आला, अगदी तसा.

कुणीतरी माझा दंड धरला. मी कुणाचा तरी धरला.

धडक बसली. दोन्ही तळहात छातीवर. पर दिग्या दगड झाला न्हाई. दगड झाला असता तर दोघंबी फुटली असती. त्यो लवला. सरकला. एक पाऊल दिलं, रेडकाचा थोडा जोर खाल्ला. आणि एक दिलं, आणि थोडा खाल्ला. जमीन देतोय, देतोय, आन् रेडकाचं बळ उतरतंय.

पर मागं जागा किती? हौसाक्काचा पदर आला. हौसाक्काचा गुडघा आला.

“दिग्याऽऽ! थांब!”

“शूऽऽ!”

सूंऽ... सूंऽ...

दिग्याची टाच बादलीला लागली.

बादली हालली न्हाई.

दिग्या तिथं बसला. म्हंजे बसल्यागत उभा ऱ्हायला. मांड्या थरथरत्यात, घाम दाढीवरनं फरशीवर गळतोय, सरपंचाचं नाक त्याच्या नाकाला. दोघंबी फुसफुसत्यात. त्याफुडं इंचभर न्हाई. एक इंच न्हाई!

हौसाक्कानं वर बगितलंबी न्हाई. तिला काय बगायची गरजच पडली न्हाई. तीन सडं पिळली, चौथं रोजच्यागत रेडकासाठी सोडलं. फडक्यानं हात पुसलं.

“झालं,” ती म्हणली.

काय सांगू तुमाला! हॉर्न, शिट्ट्या, भांडी, टोप्या! रिक्षातलं भाडं आमच्या गळ्यात पडून नाचलं, ते कोण कुठलं आमाला अजून ठावं न्हाई. वडापाववाल्यानं पलीकडच्याला फुकट वडा दिला आन् मग परत मागितला. हौसाक्कानं बादली उचलून दावली. फेस काठाच्या वर, पांढरा, हालतोय, पर सांडत न्हाई.

“भरली! भरली!”

दिग्या काय हालला न्हाई. तिथंच. हात छातीशी, सरपंच फुड्यात. पर आता छाती फुगाय लागली. डोळं चमकाय लागलं. सरपंच एका बाजूला सरकला, ह्यानं अडवला. दुसऱ्या बाजूला सरकला, ह्यानं अडवला. आता तर कुणी सांगितलंबी न्हवतं.

“बगा वस्ताद! बगा की! मागं सरूनबी अडीवला!” हसतोय, रडतोय, समदं एकदम. “आता येऊ द्या तिथं कुणालाबी! दीडशे किलोचा येऊ दे, दोनशेचा येऊ दे! माझ्या मागल्याला बोटबी लागू देत न्हाई!”

“शाब्बास रं वाघा!” आमी वराडलो.

“आजून अडवतो! रातभर अडवतो! म्हणाल तवर अडवतो! वस्ताद, सांगा, किती येळ अडवू?”

सरपंचानं तोंड वर केलं आन् बारीक आवाजात वराडला.

चंद्रीनं मान वळवली.

वस्तादांनी हौसाक्काच्या बादलीतनं गिलास भरून घेतला. एक घोट प्याले. मिशीवरचा फेस तसाच.

“बाजूला हो,” वस्ताद म्हणले. “आई त्याची हाय.”